सीटवर काही टाकण्याआधी सीटच्या आत काय आहे ते बघा

पॅसेंजर सीटचं कव्हर उतरवलं की खाली थरावर थर दिसतात. कव्हरला चिकटलेला पातळ स्पंज, गरम सीट असेल तर त्याखाली फेल्टवर नागमोडी शिवलेली हीटरची तार, तिच्याखाली पातळ प्लास्टिक फिल्मवर गोल टिकल्या असलेली सेन्सरची मॅट आणि मग मुख्य फोम. हीटर आणि सेन्सर, दोघांत कागदाच्या घडीएवढंच अंतर. दोघांच्या वायरी सीटखाली उतरतात आणि तिथे जे दोन-चार कनेक्टर असतात त्यातला एक पिवळा असतो. पिवळा रंग एअरबॅगच्या यंत्रणेचा. समोर डॅशबोर्डमध्ये बसलेली एअरबॅग आणि या गादीचा असा थेट संबंध असू शकतो, हे गाडी घेताना बहुतेकांना कोणी सांगत नाही. मग त्याच गादीवर जाड कव्हर चढतं, जेलचं कुशन येतं, ऑनलाइन मागवलेलं हीटिंग पॅड येतं आणि कव्हरवाल्या पोऱ्याचा गुडघा त्यावर पडतो.

नागपुरात गरम सीट कोणाला हवी, असं मे महिन्यात कोणीही म्हणेल. 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. पण 29 डिसेंबर 2018 ला याच शहरात 3.5 अंशांची नोंद झाली. डिसेंबर-जानेवारीत पेंच किंवा ताडोब्याच्या सकाळच्या सफारीसाठी पहाटे चारला निघणाऱ्याला ती सीट नक्की हवीशी वाटते. उत्तरेकडून आलेल्या जुन्या महागड्या गाड्यांत ती असतेच. आणि सगळ्यात जास्त वापर होतो तो कंबरदुखीवाल्यांकडून, बारा महिने, सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या पॅडच्या रूपात. म्हणून या विषयाकडे थंड प्रदेशाचं दुखणं म्हणून बघू नका.

भाजायला उकळतं पाणी लागत नाही

मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनी 1947 मध्ये त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते याची मोजणी प्रसिद्ध केली. ती आजही वापरली जाते. त्वचा 44 अंशांवर सलग 6 तास राहिली तर भाजते. तिथून 51 अंशांपर्यंत तापमान एकेक अंशाने वाढलं की लागणारा वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. म्हणजे 45 ला सुमारे 3 तास, 46 ला दीड तास, 47 ला पाऊण तास, 48 ला वीस-बावीस मिनिटं. चहाचा कप हातात धरतो तो याहून गरम असतो, पण तो आपण खाली ठेवतो. सीटवर मात्र शरीराचं वजन एकाच जागी दाबलेलं असतं. दाबामुळे तिथला रक्तप्रवाह मंदावतो आणि उष्णता वाहून नेणारं रक्तच कमी पडतं.

आता समृद्धी महामार्गाचा विचार करा. नागपूर ते शिर्डी साधारण 520 किलोमीटर, सरळ रस्ता, मध्ये उतरायची फारशी कारणं नाहीत. चार-पाच तास माणूस तसाच बसून राहतो. धडधाकट माणसाला चटका जाणवतो आणि तो बटण बंद करतो. ज्याला चटका जाणवतच नाही त्याच्यासाठी ही सीट धोक्याची आहे: मणक्याच्या दुखापतीने कमरेखाली संवेदना गेलेले, डायबेटिसमुळे नसा बधिर झालेले, अर्धांगवायूचे रुग्ण, झोपेची गोळी किंवा दारू घेतलेले, आणि ज्यांना सांगता येत नाही अशी लहान मुलं. पॅराप्लेजियाच्या, म्हणजे कमरेखाली लुळं पडलेल्या, रुग्णांना गाडीच्या सीट हीटरने पार्श्वभागावर आणि मांडीच्या मागे खोलवर भाजल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. 2011 मध्ये अमेरिकेत भाजलेल्यांवर उपचार करणारे डॉक्टर आणि वाहनसुरक्षेवर काम करणारी मंडळी तिथल्या सरकारी यंत्रणेकडे गेली होती. सीट हीटरला कमाल तापमानाची मर्यादा घाला आणि तो आपोआप बंद होईल असं करा, एवढीच त्यांची मागणी होती.

घरात असा कोणी असेल तर माझं म्हणणं सरळ आहे: त्या सीटचा हीटर कायमचा बंद करा. 'लो'वर ठेवतो, लक्ष ठेवतो, असली तडजोड नको. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत सीट हीटरचा फ्यूज कुठला ते दिलेलं असतं. तो फक्त हीटरचाच आहे याची खात्री करून काढून ठेवा. सीटखाली हात घालून 'हाच असेल' म्हणून कनेक्टर ओढू नका. चुकून पिवळा निघाला आणि नंतर चावी फिरवली, तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावल्याशिवाय बहुधा जात नाही.

भाजलंच तर 20 मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. अशा मंद उष्णतेने भाजलेली जागा पहिल्या दिवशी नुसती लालसर दिसते आणि खालची इजा दोन-तीन दिवसांनी वर येते. डायबेटिस असेल तर फोड यायची वाट न बघता डॉक्टरला दाखवा. रोज महिनोन् महिने मंद ऊब घेणाऱ्यांच्या मांडीमागे जाळीसारखे तपकिरी-लाल डागही पडतात. ते दिसले की शेक बंद करायचा.

तार तुटते कुठे

कंपनीच्या हीटरची गादी आणि पाठ मिळून साधारण 50 ते 100 वॅट घेतात. इंजिन चालू असताना व्होल्टेज 13.5 च्या आसपास, म्हणजे एका सीटला 4 ते 7 अँपिअर. 60 वॅटच्या एका पॅडचा रोध काढला तर 3 ओहमच्या आसपास येतो. पॅड चांगला की गेलेला हे बघताना हा आकडा डोक्यात ठेवावा.

मेख अशी की तापमान मोजणारा थर्मिस्टर एकाच जागी असतो, बहुतेक वेळा गादीच्या मधोमध. तार मात्र सगळीकडे. सीटवर गुडघा टेकून मागच्या मुलाचा बेल्ट लावणं, मागे वळून सामान काढताना एकाच कडेवर सगळं वजन देणं, कव्हर बसवताना कारागिराने सीटवर चढणं, यामुळे तार एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा मुडपते. आतले धागे एकेक करून तुटतात. उरलेल्या दोन-चार धाग्यांतून तोच करंट जातो आणि नेमकी तेवढी जागा लालबुंद तापते. किंवा तार पूर्ण तुटते पण टोकं टेकत-सुटत राहतात आणि तिथे ठिणगी पडते. थर्मिस्टरच्या मते गादी अजून 38 अंशांवर असते, म्हणून तो करंट चालूच ठेवतो. फ्यूजही उडत नाही, कारण एकूण करंट वाढलेलाच नसतो. सिगारेटने पडल्यासारखं गोल भोक पडलेली जी सीट कव्हर दिसतात, त्यांच्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

थर्मिस्टरबद्दल आपल्याकडची एक खास चूक. बऱ्याच हीटरमध्ये तो 25 अंशांना 10 किलोओहमचा असतो आणि गरम झाला की त्याचा रोध घटतो. मे महिन्यात शेडखाली 42 अंश असताना मल्टिमीटर लावला तर तोच चांगला थर्मिस्टर 5 किलोओहमच्या आसपास दाखवतो. पुस्तकात 10 लिहिलंय, इथे 5 येतंय, म्हणून मॅट बदलायला सांगितली जाते. आधी त्या वेळचं तापमान बघा, मग निकाल द्या.

आगीचा प्रश्न तारेइतकाच कापडाचाही असतो. जानेवारी 2014 मध्ये टोयोटाने अमेरिकेत गरम सीट असलेल्या काही मॉडेलची विक्री काही काळ थांबवली होती. सीटखालचं एक कापड तिथल्या ज्वलनशीलतेच्या मानकात बसत नव्हतं, बस. ते मानक सांगतं की आतलं साहित्य मिनिटाला 102 मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने जळता कामा नये. आता ज्या आर्ट लेदर कव्हरवर कुठलंही मानक छापलेलं नाही, त्याखाली आपण हीटर चालवतो तेव्हा काय करतोय ते कळेल. सीटमधला फोम पॉलियुरेथेनचा असतो. धुमसला की कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सोडतो. जळका वास आला की हीटर बंद, गाडी कडेला, इग्निशन बंद, सगळे बाहेर आणि 112. वास गेला म्हणून पुन्हा आत बसायचं नाही, कारण फोम आतल्या आत धुमसत राहून नंतर पेट घेऊ शकतो.

तापमान घरी कसं मोजायचं

इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक उघड्या सीटवर रोखली तर आकडा कमी येतो, कारण उष्णता हवेत जात असते. माणूस बसला की ती वाट बंद होते. म्हणून मोजणी झाकून करा. थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या बारीक तारेची) सोय असलेला मल्टिमीटर घ्या, त्याचं टोक पातळ टेपने सीटवर चिकटवा, वर चार घडीची गोधडी आणि त्यावर 10 किलो तांदळाची पिशवी. इंजिन चालू ठेवायचं असल्याने हे काम उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये अजिबात नको. हीटर सगळ्यात वरच्या पायरीवर, 30 मिनिटं, दर 5 मिनिटांनी आकडा लिहा. तेवढा वेळ गाडीजवळून हलू नका. मग टोक हलवून दुसऱ्या जागी. गादीच्या नऊ जागा बघा: पुढे तीन, मध्ये तीन, मागे तीन, आणि दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मुळाशी जरा जास्त लक्ष द्या, तार तिथेच मुडपते. प्रत्येक जागेआधी सीट गार होऊ द्यायची, त्यामुळे अख्खा रविवार जातो. जाऊ द्या.

माझा नियम असा: कुठेही 43 च्या वर गेलं तर ती वरची पायरी वापरायची नाही. एखादी जागा शेजारच्या जागेपेक्षा 5 अंशांनी गरम असेल, तर तो पॅड गेला. वरच्या पायरीवर आकडा 45 ओलांडून चढतच राहिला तर तिथेच मोजणी थांबवा. तो हीटर स्वतःला आवरत नाहीये.

टिकलीवाली मॅट काय करते आणि काय करत नाही

पॅसेंजर सीटमधले सेन्सर एकाच जातीचे नसतात आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

भारतात 1 जुलै 2019 पासून तयार होणाऱ्या प्रवासी कारमध्ये ड्रायव्हर आणि शेजारचा पॅसेंजर या दोघांसाठी बेल्टची आठवण करून देणारी घंटी सक्तीची झाली. पॅसेंजर बसलाय की नाही हे कळायला गादीत दाबाची मॅट घालतात. दोन वायरी, आत आठ-दहा टिकल्या. ठरावीक टिकल्या दाबल्या गेल्या की 'कोणीतरी आहे' असा निरोप जातो. कळमना मार्केटमधून आणलेली संत्र्यांची पेटी पुढच्या सीटवर ठेवली की घंटी वाजते ती यामुळेच. मॅट तिचं काम चोख करत असते. पेटी खाली पायाजवळ किंवा डिकीत ठेवा. तेही जमत नसेल तर पेटीला बेल्ट लावा. जोरात ब्रेक लागल्यावर 20 किलोची पेटी मोकळी असण्यापेक्षा ते कधीही बरं.

आता महत्त्वाचं. आपल्याकडच्या बहुतेक परवडणाऱ्या गाड्यांत ही मॅट फक्त घंटी वाजवते. पुढच्या सीटवर लहान मूल आहे म्हणून एअरबॅग आपोआप बंद करण्याची अक्कल तिच्यात नसते. 'सेन्सर आहे ना, तो बघून घेईल' हा समज ज्यांचा आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

वजन ओळखून एअरबॅग रोखणारी यंत्रणा वेगळी. ती मुख्यतः अमेरिकेसाठी बनवलेल्या गाड्यांत आणि इथल्या काही महागड्या गाड्यांत दिसते. तिचे तीन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. पहिल्यात फोमखाली सिलिकॉन जेल भरलेली चपटी पिशवी आणि तिला जोडलेला दाबमापक असतो. दुसऱ्यात सीट ज्या बोल्टांवर उभी असते तिथेच वजनमापक बसवलेले असतात, वजनकाट्यासारखे. तिसरा प्रकार शरीराची विद्युत धारकता ओळखतो. माणसाचं शरीर पाण्याने भरलेलं असल्याने ते सेन्सरच्या विद्युत क्षेत्रात फरक पाडतं, प्लास्टिकची रिकामी चाइल्ड सीट तेवढा पाडत नाही. या गाड्यांत डॅशबोर्डवर 'पॅसेंजर एअरबॅग ऑफ' असा वेगळा दिवा असतो. तुमच्या गाडीत तो दिवा नसेल आणि पुस्तिकेतही असा उल्लेख नसेल, तर एअरबॅग आपोआप बंद होणार नाही असंच धरून चाला.

तिसऱ्या प्रकारावर हीटर सगळ्यात वाईट परिणाम करतो. हीटरची तार म्हणजे गादीभर पसरलेला धातू, तोही गाडीच्या निगेटिव्हला जोडलेला. कंपनी दोन्ही एकत्र देते तेव्हा मध्ये शिल्डचा थर घालते आणि हीटरसकट सगळ्याची मोजणी करून बसवते. बाहेरून आणलेला पॅड त्यावर टाकला की सेन्सरला माणूस दिसत नाही किंवा रिकामी सीट माणसासारखी दिसते. ओली सीटही त्याला माणसासारखीच वाटू शकते. जेलच्या पिशवीवर जाड कुशन टाकलं की वजन पसरतं आणि मोठा माणूस हलका मोजला जातो. बोल्टवाल्या प्रकारात सीटखाली खच्चून भरलेली छत्री, पाण्याची बाटली, मागच्या प्रवाशाने पाठीला लावलेले गुडघे, हे सगळं वजनात मिसळतं. अशा गाड्यांच्या पुस्तिकांत बाहेरचं कव्हर, कुशन आणि हीटर लावू नका असं छापलेलं असतं. ते वॉरंटी टाळायला लिहिलंय असं समजून सोडून देऊ नका.

कंपन्यांच्या हातूनही हे सेन्सर चुकतात. निस्सानने 2016 मध्ये अमेरिकेत 30 लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. मोठा माणूस बसला असताना यंत्रणा त्याला मूल समजत होती किंवा सीट रिकामी धरत होती. डिसेंबर 2023 मध्ये टोयोटाने जगभरातल्या सुमारे 11 लाख गाड्या याच यंत्रणेतल्या शॉर्ट सर्किटच्या शक्यतेमुळे परत घेतल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये होंडाने अमेरिकेत साडेसात लाख गाड्या बोलावल्या. वजनाच्या सेन्सरमधला एक कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) दमटपणाने तडकून शॉर्ट होऊ शकत होता आणि मग पुढे मूल असतानाही एअरबॅग रोखली गेली नसती. कारखान्यात तपासून निघालेली गादी दमट हवेने चुकू शकते. मग दुकानात दोन तासांत उसवून शिवलेल्या गादीची खात्री कोण देणार?

कव्हरवाल्याकडे जाताना

नागपुरात सदरला असो की कामठी रोडला, कव्हर बसवणारे कारागीर हाताने तरबेज असतात. पण त्यांना आपण वेळ देत नाही आणि विचारतही नाही. काम सुरू होण्याआधी एवढं ठरवून घ्या.

सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेला 'एअरबॅग' असा टॅग शिवलेला आहे का बघा. असेल तर त्या कडेतून साइड एअरबॅग बाहेर येते. तिथली शिवण मुद्दाम कमी ताकदीच्या धाग्याची असते, फुटावी म्हणून. त्यावर चारही बाजूंनी शिवलेलं आर्ट लेदर चढलं तर एअरबॅग उशिरा किंवा भलत्या दिशेने बाहेर येईल. तो भाग पूर्ण मोकळा ठेवणारं किंवा त्या जागी फाटणारी शिवण असलेलं कव्हरच चालेल. 'सगळ्या गाड्यांना बसतं' असं कव्हर नको.

मूळ कव्हर उतरवायचंच असेल तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि थांबा. काही कंपन्या 90 सेकंद सांगतात, काही 3 मिनिटं. मी 10 मिनिटं थांबायला सांगतो, कारण एअरबॅगच्या युनिटमधला कपॅसिटर रिकामा व्हायला वेळ लागतो आणि त्या वेळात चहा होतो. पिवळ्या कनेक्टरच्या वायरींवर मल्टिमीटरचा ओहम मोड लावायचा नाही. मीटर स्वतःची बॅटरी वापरून करंट सोडतो आणि पलीकडे एअरबॅग फोडणारा स्फोटक घटक असतो. टेस्ट लॅम्प तर लांबच ठेवा.

जुन्या हॉग रिंगा (कव्हर फोमला धरून ठेवणाऱ्या तारेच्या कड्या) ओढून काढू नका, कटरने कापा. नवी रिंग लावताना तिचं टोक हीटरच्या फेल्टमधून किंवा सेन्सरच्या फिल्ममधून जात नाही ना, हे प्रत्येक रिंगला बघावं लागतं. दहातली एक रिंग चुकली तरी पुरते. सेन्सरची फिल्म खाचेत बसलेली असते. ती घडी पडून बसली तर रिकाम्या सीटवरही घंटी वाजत राहते आणि मग दुकानदार कनेक्टर काढून ठेवण्याचा 'उपाय' सुचवतो. तो मान्य करू नका. वजन ओळखणारी यंत्रणा असेल तर कव्हर, फोम किंवा सीट बदलल्यावर स्कॅनरवर शून्य-मोजणी नव्याने करावी लागते. जेलच्या पिशवीच्या प्रकारात तर पिशवी, फोम आणि तिचं युनिट कारखान्यात एकमेकांशी जुळवलेलं असतं. त्यातला एकच तुकडा बदलता येत नाही.

बाहेरचा हीटर लावायचाच असेल तर ड्रायव्हरच्या सीटला, तेही पुस्तिकेत मनाई नसेल तरच. दोन स्वतंत्र थर्मोस्टॅट असलेला, वेळेनंतर आपोआप बंद होणारा संच घ्या. वायर दीड चौरस मिलिमीटरची. करंट रिलेमधून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) आणि फ्यूज बॉक्सच्या अशा जागेवरून घ्या जी चावी काढली की बंद होते. 5 अँपिअरच्या भाराला 7.5 चा फ्यूज, वारंवार उडतो म्हणून 20 चा नको. जोड क्रिंप करून वर हीट-श्रिंक नळी चढवा. वायर सीटच्या रेलपासून दूर बांधा आणि सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे, वर-खाली नेऊन कुठे ताणते का बघा. लायटर सॉकेटवरच्या पॅडलाही हेच: जेवढा वेळ बसलाय तेवढाच वेळ चालू, आणि उतरताना प्लग हातात.

हवा येणारी सीट आपल्याकडे गरम सीटपेक्षा जास्त दिसते. तिच्याबद्दल एवढंच की तिच्या कव्हरला भोकं असतात. संत्र्याचा रस सांडला तर तो थेट पंख्यावर आणि सेन्सरवर जातो. ड्रायक्लीनिंगच्या नावाखाली फेस ओतून घासणाऱ्याला आधी सांगा: सीटवर ओलसर कापड चालेल, पाण्याची फवारणी नाही.

पुरात बुडालेली गाडी

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि उभ्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. अशा गाड्या पुसून-पासून, नवीन कव्हर चढवून बाजारात येतात. दोन वर्षांच्या गाडीला कडक नवं कव्हर दिसलं की मी आधी सीटखाली बघायला सांगतो.

मोबाइलचा टॉर्च घ्या, सीट पूर्ण मागे करा आणि पुढून खाली बघा. रेलच्या आतल्या बाजूला तांबूस गंज, बोल्टच्या डोक्याभोवती मातीची सुकलेली रेघ, कार्पेटखालच्या फेल्टला कुबट वास, कनेक्टरच्या तोंडाशी पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड. ही पूड म्हणजे तांब्याचा गंज. ती रोध वाढवते आणि सेन्सरचा निरोप अधूनमधून चुकतो, विशेषतः पावसाळ्यात. सीटखाली जर वजन मोजणारं युनिट असेल आणि ते बुडालं असेल, तर वाळवून, स्प्रे मारून ते वापरायचं नाही. बदलायचं.

मग चावी 'ऑन' करा, इंजिन सुरू न करता. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि चार ते सात सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो काढून टाकलेला किंवा झाकलेला आहे. लागून राहिला तर दोष नोंदलेला आहे. बरोबर विझला तरी पूर्ण निश्चिंत होऊ नका. उडालेल्या किंवा काढलेल्या एअरबॅगच्या जागी साधारण 2 ओहमचा रेझिस्टर जोडला की युनिटला सगळं ठीक वाटतं. म्हणून एकदा स्कॅनर लावून जुने कोड वाचून घ्या आणि पिवळ्या कनेक्टरवर काळी टेप गुंडाळलेली दिसली तर ती गाडी तिथेच सोडा.

घंटी बंद करणारी क्लिप

बेल्टच्या कुलपात खोचायची ती धातूची जीभ. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2023 मध्ये पाच ऑनलाइन विक्री मंचांना ती हटवायला लावली आणि तेरा हजारांहून जास्त जाहिराती काढल्या गेल्या. तरी ती काही डॅशबोर्डांच्या खणात अजून पडलेली असते. क्लिप लावली की गाडीला वाटतं बेल्ट लागलाय. काही गाड्यांत एअरबॅग कधी उघडायची हा निर्णय बेल्ट लागलाय की नाही यावर बदलतो, त्यामुळे क्लिप घंटीबरोबर हा निर्णयही बिघडवते. शिवाय बेल्टशिवाय पुढे फेकलेला माणूस उघडत्या एअरबॅगवर जाऊन आदळतो. ती 30 ते 50 मिलिसेकंदांत फुगते. दंड 1,000 रुपयांचा आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब खाली. पण दंडासाठी क्लिप काढू नका, आपल्या माणसांसाठी काढा.

मूल पुढे नको

लग्नाला निघालेल्या गाडीत आईच्या मांडीवर पुढच्या सीटवर बसलेलं मूल, हे दृश्य वर्धा रोडवर रोज दिसतं. बेल्ट आईला, मूल मधे, आणि समोर एअरबॅग. मांडीवरच्या मुलाला सीटमधला कुठलाही सेन्सर वाचवू शकत नाही. दाब आणि वजन दोघांचं मिळून मोजलं जातं आणि यंत्रणेला तिथे एक भरभक्कम प्रौढ माणूस दिसतो.

पाठ समोर करून बसवायची तान्ह्याची चाइल्ड सीट चालू एअरबॅगसमोर कधीही नाही. सनवायझरवरचं लाल खुणेचं चित्र हेच सांगतं. एअरबॅग थेट त्या सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. चाइल्ड सीट मागे, आयसोफिक्सच्या (चाइल्ड सीट अडकवायला गाडीतच दिलेल्या) हुकांवर बसवा. हूक नसतील तर बेल्टने घट्ट, इतकी की बुडाशी धरून हलवली तर एक इंचापेक्षा जास्त सरकू नये. ज्यात मागे सीटच नाही अशा गाडीत पर्याय एकच: डॅशबोर्डच्या कडेला चावीने फिरवायचं एअरबॅगचं बटण असेल तर ते 'ऑफ' करा, दिवा लागलाय ते डोळ्यांनी बघा, आणि मोठा माणूस बसेल तेव्हा आठवणीने परत 'ऑन' करा. हे बटण नसेल तर त्या गाडीत तान्हं बाळ न्यायचं नाही.

चाइल्ड सीट असलेल्या जागेचा हीटर बंद ठेवा. तिचा प्लास्टिकचा तळ उष्णता अडवून धरतो, खालचा फोम तापत जातो आणि मुलाला घाम येण्यापलीकडे काही सांगता येत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये तर हीटरची गरजच नाही. उन्हात उभ्या गाडीतल्या चाइल्ड सीटच्या बेल्टची धातूची कडी दोन सेकंदांत बाळाच्या मांडीवर डाग देऊ शकते. गाडी उन्हात लावणार असाल तर सीटवर पांढरी चादर टाका, आणि बाळाला बसवण्याआधी ती कडी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा.